कोड आला म्हणून सेन्सर बदलू नका, आधी वायर तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत गाडीची काळजी कशी घ्यायची यावर लेख आला होता, त्यात एका ठिकाणी लिहिलंय की चेक इंजिनची लाईट लागली आणि स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचा नंबर, म्हणजे कोड, वाचायचं यंत्र) ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की सेन्सर खराब झाला समजा आणि लगेच बदलून घ्या. बाकी लेख चांगला होता, टायरमधली हवा, कूलंट, बॅटरीचं पाणी सगळं बरोबर लिहिलंय, पण या एका वाक्यामुळे लोकांचे हजारो रुपये जाणार आहेत म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मी १९९८ पासून कराडात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, रोज हाच धंदा आहे, आणि महिन्यातून एक तरी गाडी अशी येतेच की जिच्यात नवा कोरा सेन्सर बसवलेला असतो आणि लाईट तशीच पेटलेली असते.

अगदी ताजं उदाहरण सांगतो, गेल्या पावसाळ्यातलं. पाटणकडचे एक रिटायर गुरुजी आले, २०१७ ची पेट्रोल गाडी, मागाहून सीएनजी किट बसवलेलं. गाडीतून उतरले ते हातात पिशवी घेऊनच. पिशवीत दोन ऑक्सिजन सेन्सर, खोक्यासकट, आणि तिसरा गाडीत बसवलेला. म्हणाले, मिस्त्री, सहा महिन्यात दोनदा सेन्सर बदलला, नऊ हजाराच्या वर गेले, लाईट आठ पंधरा दिवस जाते आणि परत येते, आता म्हणतायत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असेल, त्याचे वेगळे पस्तीस हजार. पेन्शनवरचा माणूस आहे हो तो. बोलताना आवाज खाली गेला होता त्यांचा.

स्कॅनर लावला, कोड पी०१३५. आता हा कोड नेमकं काय म्हणतो ते इथे नीट सांगितलं पाहिजे कारण सगळा घोळ तिथेच होतो. पी०१३५ म्हणजे बँक एक, सेन्सर एक (इंजिनजवळचा पहिला सेन्सर), हीटर सर्किट. सर्किट! म्हणजे फ्यूज, तिथून आलेली वायर, कपलर (वायरी जोडायचा प्लग), सेन्सरच्या आतला हीटर, परत कपलर, आणि तिथून ईसीएमकडे गेलेली वायर, एवढा सगळा रस्ता. ईसीएमला फक्त एवढंच कळतं की या रस्त्यावरून जेवढा करंट जायला पाहिजे तेवढा जात नाहीये. रस्त्यात खड्डा कुठे आहे ते त्याला दिसत नाही. पण स्कॅनरच्या स्क्रीनवर ऑक्सिजन सेन्सर हे नाव वाचलं की माणूस सरळ पार्टच्या दुकानात फोन लावतो.

ज्यांना हा सेन्सर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कार्बोरेटरच्या काळात आम्ही प्लग काढून त्याचा रंग बघायचो, प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा पडलाय म्हणजे हवा जास्त, विटकरी म्हणजे बरोबर. आता तेच काम सायलेन्सरच्या पाइपात बसलेला हा सेन्सर सेकंदा सेकंदाला करतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघतो आणि ईसीएमला व्होल्टेजमध्ये कळवतो, मिक्स्चर रिच असेल, म्हणजे पेट्रोल जास्त, तर ०.८, ०.९ व्होल्टपर्यंत जातो, लीन असेल, म्हणजे हवा जास्त, तर ०.१ च्या आसपास येतो, आणि चांगल्या गाडीत हा काटा सारखा वरखाली नाचत असतो. साध्या पेट्रोलला एक भाग पेट्रोलमागे वजनाने १४.७ भाग हवा लागते, त्या रेषेच्या इकडे तिकडे ईसीएम सतत खेळवत राहतो. पण हा सेन्सर थंडा असताना आंधळा असतो, साधारण ३०० डिग्रीच्या वर तापला की मगच बोलायला लागतो, म्हणून त्याच्या पोटात हीटर दिलेला असतो, बारा व्होल्टवर चालणारा. बहुतेक सेन्सरला चार वायरी असतात, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थची. हीटर चालला नाही तर गाडी बंद पडत नाही, पण थंड गाडी बराच वेळ अंदाजाने पेट्रोल ओतत राहते. गुरुजींची गाडी गावातल्या गावात दोन तीन किलोमीटर फिरणारी, तापायच्या आधीच बंद व्हायची, त्यामुळे त्यांचं अ‍ॅव्हरेज पडलं होतं आणि सकाळी धुराला कच्च्या पेट्रोलचा वास यायचा.

तर मी आधी स्कॅनरवर लाईव्ह डेटा, म्हणजे चालू गाडीतले आकडे, बघितला. गाडी गरम झाल्यावर सेन्सरचं व्होल्टेज मस्त नाचत होतं, ०.१ ते ०.८. म्हणजे सेन्सर वास घेतोय, बोलतोय, फक्त त्याची शेगडी पेटत नाहीये. मग गाडी थंड होऊ दिली आणि तिन्ही सेन्सर टेबलावर ओळीने ठेवले, गाडीतलासुद्धा काढून. मल्टीमीटर ओहमवर लावला आणि दोन्ही प्रोब गुरुजींच्याच हातात दिले, म्हणलं तुम्हीच मोजा. तिन्ही सेन्सरच्या हीटरचं रीडिंग सहा ओहमच्या आसपास, उन्नीस बीस. गाडीगणिक हा आकडा वेगळा असतो, तो कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा, पण हीटर जळला असता तर मीटरने ओपन, म्हणजे रस्ता तुटलेला, दाखवलं असतं. गुरुजी दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसते त्या तिघांकडे बघत राहिले. जो पहिला काढून टाकला होता, कंपनीतून गाडीबरोबर आलेला, त्याचाही हीटर ठणठणीत होता.

आता पुढचं जे आहे ते माझ्या धंद्यातल्या भावांनी जरूर वाचावं कारण इथे चांगले चांगले फसतात. सेन्सर परत बसवला, कपलर काढून ठेवला, इंजिन चालू केलं आणि हार्नेसच्या (गाडीतल्या वायरींच्या जुडीच्या) बाजूने हीटरच्या सप्लायच्या पिनवर मीटर लावला. साडेतेरा व्होल्ट! बरेच जण इथे थांबतात, सप्लाय येतोय, अर्थ ईसीएम देतो, सेन्सर तर नवा आहे, म्हणजे ईसीएम गेला. गुरुजींना पस्तीस हजारांचा आकडा याच हिशोबाने सांगितला असणार. पण मीटर स्वतः करंट खातच नाही. वायरीतला एकच कुजका तार जेमतेम टेकलेला असला तरी मीटर तुम्हाला पूर्ण व्होल्टेज दाखवणार, आणि हीटर मात्र दोन अँपिअर मागायला गेला की तिथे पुरेसं काही मिळणार नाही. नळाला तोटी बंद असताना प्रेशर भरपूर दिसतं आणि तोटी उघडली की करंगळीएवढी धार, तसंच आहे हे. म्हणून लोड टाकून बघायचं. माझ्याकडे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आहे, दोन वायरी सोल्डर केलेला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं त्या सप्लायच्या पिनला. बल्ब पेटला तो असा, नुसती तार लाल झाली, देवघरातल्या निरांजनाएवढा पण उजेड नाही. आणि त्याच वेळी मीटर बघितला तर साडेतेराचे चार व्होल्ट झालेले.

फ्यूजपाशी तोच बल्ब लावला, लखलखीत. म्हणजे फ्यूज आणि कपलर यांच्या मध्ये कुठेतरी नऊ साडेनऊ व्होल्ट खाल्ले जातायत. बल्ब कपलरवर तसाच जोडून ठेवला आणि हार्नेसवरून हात फिरवत गेलो, इंजिनपासून लांबच्या बाजूने. एअर फिल्टरच्या डब्याखाली एका ठिकाणी हाताला गरम लागलं. बाकीची वायरिंग गार आणि तिथे दोन बोटांच्या जागेत गरम. वायरींवरची नळी तिथे उघडली तर आत काळी चिकटपट्टी, चिकटपट्टी सोडवली तर आत पीळ मारून जोडलेला जॉइंट, सोल्डर नाही काही नाही, तांबं हिरवं पडलेलं, हात लावला की भुकटी होऊन पडायचं, आणि दोन तारांवर सगळा कारभार चाललेला. सीएनजी किट बसवताना कुणीतरी किटला चावीचा सप्लाय पाहिजे म्हणून इथली वायर सोलून टॅप मारला होता, म्हणजे मधेच दुसरी वायर जोडली होती. पावसाळ्यात ओल गेली, जॉइंट कुजला. सेन्सर बदलताना हार्नेस ओढला जायचा, तारा जरा नीट चिकटायच्या, आठ दिवस लाईट जायची. म्हणून गुरुजींना वाटायचं सेन्सरने फरक पडतोय.

कुजलेला तुकडा कापला, त्याच जाडीची नवी वायर घातली, सोल्डर, हीट श्रिंक, किटला वेगळा फ्यूज लावून वेगळा सप्लाय दिला. कपलरवर परत बल्ब लावला, पूर्ण उजेड. मग कोड पुसला, गाडी रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी स्टार्ट करून परत तपासलं, कोड नाही. फक्त कोड पुसून गाडी परत देणं याला काम म्हणत नाहीत, लाईट काय दोन दिवस जातेच. सगळे मिळून साडेसहाशे रुपये घेतले. कंपनीतून आलेला सेन्सरच परत बसवला, बाकीचे दोन त्यांना दिले.

संपादक साहेब, सेन्सर कधीच खराब होत नाही असं माझं म्हणणं नाही. होतो. इंजिन ऑइल जाळत असेल, कूलंट आत जात असेल तर त्याच्यावर थर बसतो, गॅस्केटला भलतंच सिलिकॉन लावलं तर त्याची वाफ सेन्सरला मारते, खूप चाललेल्या गाडीत तो म्हातारा होतो आणि आळशी उत्तरं देतो, तेव्हा पी०१३३ येतो. अशा वेळी बदलायलाच पाहिजे आणि चांगल्या कंपनीचा बसवायला पाहिजे, आणि तो का मेला तेही शोधायला पाहिजे नाहीतर नवा पण मरणार. पण आधी सिद्ध करा ना! पी०१३१ आला, व्होल्टेज कमी, तर कधी कधी सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो की मिक्स्चर लीन आहे, व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय किंवा फ्युएल पंप कमजोर झालाय. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर बाहेर आणणाऱ्या पाइपच्या) गॅस्केटमधून सायलेन्सर लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो लीन सांगतो, ईसीएम पेट्रोल वाढवतो, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो. दीडशे रुपयांचं गॅस्केट असतं हो ते. आणि पावसाळ्यात उंदीर! ऊसपट्ट्यात पार्किंगला लावलेल्या गाड्यांची वायरिंग उंदीर अशी खातात की विचारू नका, सिग्नलची बारीक वायर तर त्यांची आवडती. परवा एका गाडीत कपलरपासून वीतभर अंतरावर चार वायरींपैकी बरोबर एकच कुरतडलेली होती, पी०१३४ येत होता, म्हणजे सेन्सर काहीच बोलत नाही, सेन्सरची ऑर्डर पण देऊन झाली होती.

अजून एक, हे कारागिरांसाठी. तपासताना वायरीला सुई किंवा टाचणी टोचू नका, तिथूनच पुढच्या पावसाळ्यात पाणी जातं, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून रीडिंग घ्या. आणि सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीच्या वायरी कापून सोल्डर मारू नका, त्या कपलरमध्ये कॉन्टॅक्ट स्प्रे मारू नका, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते आणि ती त्या वायरींच्या आतूनच जाते. हार्नेसच्या बाजूला सोल्डर चालतं, सेन्सरच्या बाजूला नाही. हे मला पण कुणी शिकवलं नव्हतं, चांगला सेन्सर हातून वाया गेल्यावर कळलं आणि तो मी माझ्या खिशातून भरून दिला.

हल्ली आणखी एक चाललंय, कुठलीही लाईट लागली की इथेनॉलवर ढकलायचं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय हे खरं, आणि इथेनॉलच्या पोटातच ऑक्सिजन असतो त्यामुळे १४.७ च्या जागी साधारण साडेतेरा भाग हवा पुरते, म्हणजे ईसीएमला पेट्रोल थोडं वाढवावं लागतं. ते तो ऑक्सिजन सेन्सरच्या जिवावरच करतो, स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीएमने पेट्रोलमध्ये कायमची केलेली वाढ-घट, थोडी प्लसमध्ये दिसते. म्हणजे उलट आता तर हा सेन्सर आणि त्याचं सर्किट जास्तच ठीक पाहिजे. पण हीटरची वायर कुजली याच्याशी इथेनॉलचा काय संबंध? लोकांना कारण मिळालं की शोधणं बंद होतं.

हे एका गुरुजींपुरतं नाही म्हणून वर्तमानपत्राला लिहितोय. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले, आता मोटरसायकलला, स्कूटरला पण ऑक्सिजन सेन्सर आहे, म्हणजे जो प्रश्न कारवाल्यांचा होता तो दूधवाल्याच्या आणि डिलिव्हरीच्या पोरांच्या गाडीपर्यंत आला. मिक्स्चर सतत रिच राहिलं की पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, तापून जातो आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. पीयूसीत पण गाडी बसत नाही, बीएस फोर आणि त्यानंतरच्या पेट्रोल कारना आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो, आणि पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे एका कुजक्या जॉइंटपायी माणूस चारी बाजूंनी भरडला जातो.

यात सगळा दोष कारागिराचा पण नाही, हे मी मनापासून सांगतो. स्कॅनर आता दीड दोन हजारात पण मिळतो, मोबाइलला जोडता येतो, पण वायरिंग डायग्राम मिळत नाही. कुठल्या फ्यूजमधून हीटरला सप्लाय जातो, कुठल्या पिनला कुठली वायर, हे माहीत नसेल तर बाहेरचा कारागीर काय तपासणार, तो पार्ट बदलूनच बघणार. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता, बाहेरच्या गॅरेजवाल्यांना स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं मिळत नाहीत याच कारणावरून, अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. नंतर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्या पण आहेत. चांगलंच आहे, पण माझ्या टेबलावर अजून डायग्राम येत नाही, मी कुठल्या तरी ग्रुपवर अर्धवट फोटो मागतो आणि बाकीचं मीटर धरून शोधतो, त्यात तीन तास जातात आणि गिऱ्हाईक म्हणतं तीन तासाचे पैसे कसले, तुम्ही तर काही बदललंच नाही! हे पण बदलायला पाहिजे. शोधण्याचे पैसे द्यायची आपल्याकडे सवय नाही, पार्टचे पैसे मात्र बिनबोभाट देतो, म्हणून मग गॅरेजवाला पण पार्टच विकतो.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. माझ्याकडे तिथून पास झालेली पोरं येतात, हुशार असतात, ओहमचा नियम तोंडपाठ असतो, पण लोड टाकून व्होल्टेज ड्रॉप मोजलेला एकानेही नसतो. एक कुजका जॉइंट मुद्दाम बनवून पोरांपुढे ठेवला, मीटर बारा दाखवतोय आणि बल्ब पेटत नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं, की ते जन्मात विसरत नाहीत. याला काही खर्च नाही, एक बल्ब आणि दोन मीटर वायर लागते. व्यवसाय शिक्षण खात्याच्या कुणी हे पत्र वाचलं तर माझी हात जोडून विनंती आहे.

आणि गाडीवाल्यांना सांगतो, बिलावर लिहून मागा. कोड काय आला, सेन्सरच्या हीटरचा ओहम किती आला, सप्लायला लोडवर व्होल्ट किती मिळाले. तीन आकडे आहेत, एका ओळीत बसतात. ज्याने मोजलंय तो आनंदाने लिहून देईल. आणि काढलेला जुना पार्ट घरी घेऊन जा, गुरुजींनी जपून ठेवले म्हणून तरी सत्य कळलं. सीएनजी किट किंवा म्युझिक सिस्टीम बसवली असेल तर ते आधी सांगा, कुठे टॅप मारलाय ते बसवणाऱ्याकडून विचारून ठेवा.

गुरुजी गणपतीत पेढे घेऊन आले होते, लाईट परत लागली नाही. ते दोन सेन्सर त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिले, म्हणाले पोरांना दाखवा. तो कापलेला हिरवा जॉइंट पण मी प्लास्टिकच्या डबीत ठेवलाय. आमच्याकडे सोमवारी गॅरेज बंद असतं, आयटीआयच्या किंवा गॅरेजमधल्या कुणा पोराला बल्ब लावून स्वतः मोजून बघायचं असेल तर सोमवारी सकाळी दहानंतर यावं, मी असतो. फी नाही, फक्त येताना आपला मीटर घेऊन यावा.

कळावे,
आपला नम्र,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, कराड